पोसाआयनं धुतलेले पाय

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायला भरतीची वाट बघावी लागायची, त्या काळची ही गोष्ट. खाडीकाठी मीठआळी नावाचं गाव होतं आणि त्या गावात पोसाआय नावाची सुईण होती. गावातलं एकूण एक पोर तिच्या हातांवर जन्मलेलं. रडणारं मूल त्या हातांत आलं की गप्प व्हायचं, असं म्हणतात.

सगळं गाव मिठागरात राबायचं. माणसं सकाळी खाऱ्या पाण्यात उतरायची ती उन्हं कलली की बाहेर यायची. पोर सहा-सात वर्षांचं झालं की तेही आईबापामागून वाफ्यांत उतरायचं. घरी येईपर्यंत पायांवर मीठ सुकायचं, कातडी ओढली जायची, टाचांना भेगा पडायच्या, बोटांच्या बेचक्या चिघळायच्या. पाय धुवायला गोडं पाणी नव्हतं. गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती मिठागराच्या मालकाच्या, त्रिंबकशेठच्या बंगल्याच्या आवारात. घरटी दोन हंडे पिण्यापुरते मिळायचे. मग विहिरीच्या झाकणाला कुलूप लागायचं.

लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. “खारातल्या माणसाची कातडी अशीच,” म्हातारे म्हणायचे. ते ऐकलं की पोसाआयच्या डोक्यात तिडीक जायची. पोरं जन्मून तिच्या हातांत आली तेव्हा त्यांची कातडी पाकळीसारखी होती. ती तिनं आपल्या बोटांनी चाचपून पाहिली होती.

बारकी तिच्या लेकीची लेक. सात वर्षांची. तिच्या टाचेला भेग पडली, तरी तीन दिवस ती तशीच मिठात उभी राहिली. चौथ्या दिवशी ताप चढला आणि पाचव्या दिवशी तिची दातखीळ बसली. पोसाआय चमच्यानं पाणी घालत राहिली, ते गालांवरून ओघळत राहिलं. सहाव्या दिवशी बारकी गेली.

माणसं भेटायला आली. कुणीतरी म्हणालं, “तिचं आयुष्यच तेवढं.”

“आयुष्य व्हतं,” पोसाआय म्हणाली. “पानी नव्हतं.”

दहावा झाला आणि ती थेट बंगल्यावर गेली. आवारात मालकाचा घोडा बांधलेला होता. भिवा मोतद्दार घोड्याचे पाय धूत होता. बादल्याच्या बादल्या गोडं पाणी. मग त्यानं फडक्यानं पाय टिपले आणि खुरांना उंडीचं तेल चोळलं. पोसाआय उभी राहून बघत राहिली.

“रोज धुतोस?” तिनं विचारलं.

“रोज. शेठ याच्यावर बसून बांधावरनं फिरतात ना. मीठ राहिलं तर खूर फुटतात,” भिवा म्हणाला. “शिंगरू असल्यापासनं सवय लावलीय. मोठं झाल्यावर लावून उपयोग नसतो.”

ओसरीवर त्रिंबकशेठ बसले होते. पोसाआय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “घोड्याला पाय हायत. पोरांना नायत?”

“त्यांची कातडी जाड असते, पोसाबाई,” शेठ म्हणाले. “पिढ्यान्‌पिढ्या खारात आहेत ती.”

“तुमालाबी या हातांनीच काढलंय, शेठ. तुमची कातडी आनि बारकीची कातडी, या बोटांना सारखीच लागली व्हती.”

शेठनी तिला फाटकाबाहेर काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली आणि तिच्यामागून गावातली सगळी पोरं आली. भिवानं फाटक उघडं ठेवलं होतं. घोड्याच्या हौदाशी बसून पोसाआयनं एकेकाचे पाय मांडीवर घेतले. मीठ चोळून काढलं नाही, पाणी ओतून विरघळू दिलं. बोटांच्या बेचक्या पदरानं कोरड्या केल्या. भेगांवर तेल लावलं. आईबाप फाटकाबाहेर भेदरून उभे होते. तेरावं पोर झालं आणि शेठ तणतणत आले. त्यांनी बादली लाथेनं उडवली, विहिरीला स्वतः कुलूप घातलं.

पोसाआयनं झाकणावर हात ठेवला. “आता हे पानी आधी पोरांच्या पायाला लागंल,” ती म्हणाली, “मगच तुमच्या तोंडाला.”

त्या दिवसापासून विहिरीचं पाणी बंगल्यात खारट लागायला लागलं, असं म्हणतात. त्या पाण्यानं बंगल्याच्या बागेतले गुलाब करपले. घोडा हौदावरून तोंड फिरवायचा. त्याच विहिरीचा हंडा मीठआळीत उतरला की मात्र पाणी शहाळ्यासारखं गोड. आठ दिवस शेठनी तग धरला, मग कोरड्या ओठांनी तिच्या दारात आले.

“काय हवं तुला?”

“सकाळी मिठात उतरा. सांजेला पाय न धुता घरी जा. मग बोलू.”

ते उतरले. दुपारी त्यांच्या टाचा उलल्या. मीठ आत शिरलं आणि त्यांनी पाणी मागितलं. बांधावर उभी असलेली पोसाआय म्हणाली, “सांज व्हायची हाय.” सांजेला चार माणसांनी त्यांना उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन त्यांनी कुलूप काढलं आणि खाडीत फेकलं.

“मला माहीत नव्हतं, पोसाबाई.”

“माहीत व्हतं,” ती म्हणाली. “घोड्याचं माहीत व्हतं.”

त्या सांजेला आधी पोरांचे पाय धुतले गेले, मगच बंगल्यातलं पाणी पुन्हा गोड लागलं. पण तिनं शेठना कधीच माफ केलं नाही. गावालाही नाही. दारोदार जाऊन ती आयाबायांना फैलावर घ्यायची. “तुमचे पाय फुटले म्हनून यांचेबी फुटू द्यायचे?” पोर चालायला लागलं की ती त्याला शिकवायची: कामावरून आलं की आधी गोडं पाणी, बेचक्या कोरड्या, मग तेल, भर उन्हात डोक्याला फडकं, खाजलं तरी नख लावायचं नाही, दुसऱ्याच्या पंच्यानं अंग पुसायचं नाही. पोरं कंटाळायची. ती मरेपर्यंत कंटाळली नाही.

पुढे शेठ गेले, बंगला पडला, मिठागर कंपनीकडे गेलं, घरोघरी नळ आले. पण आजही मीठआळीत हंगामाच्या पहिल्या दिवशी एकही फावडं पाण्याला लागत नाही. आधी गावातली पोरं विहिरीशी ओळीनं बसतात आणि जो कुणी मिठागराचा वरिष्ठ असेल, त्यानं स्वतःच्या हातांनी त्यांचे पाय धुवायचे, पुसायचे, तेल लावायचं. मध्यंतरी एका नव्या मॅनेजरानं आपल्याऐवजी कारकुनाला पाठवलं. पोरांनी पाय पोटाशी घेतले आणि तशीच बसून राहिली. त्या वर्षी हंगाम दोन दिवस उशिरा सुरू झाला.