येसूआक्काचा ठोका

ऐका. सावरखिंडीत डांबर पडलं नव्हतं तेव्हाची, म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. खिंडीखाली सावरघळ नावाचं गाव होतं आणि गावात होती येसूआक्का तांबटीण. नवरा गेल्यावर त्याची हातोडी तिने उचलली ती कायमची. तिच्या हाताला यश होतं आणि जिभेला धार. भांडं नीट करून देताना ती गिऱ्हाइकालाही चार ठोके देई.

त्याच गावात एक मोटार होती, इनामदारांनी हौसेने आणलेली. इनामदार वारले, मोटार गोठ्यात पडली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मग गावाने तिला हळूहळू घरी नेलं. कुणाच्या पाळण्याला तिचा बोल्ट, कुणाच्या दाराला तिची स्प्रिंग. पडूनच आहे, कुणाच्या बापाचं काय जातं, असं सगळ्यांनाच वाटे.

एका उन्हाळ्यात सोनबा धनगराच्या पोरीला, बायजाला, पिसाळलेलं कुत्रं चावलं. सुया मिळायच्या त्या खिंडीपलीकडे, लांबच्या शहरात. बैलगाडी पोचेपर्यंत फार उशीर झाला असता. इनामदारांचा म्हातारा ड्रायव्हर कासमभाई म्हणाला, "मोटार सुरू झाली तर पोरीला मी नेतो." झाकण उघडलं तर निम्मं इंजिन गायब. सगळं गाव आपापल्या पायांकडे बघू लागलं. नेलेलं परत आणूनही उपयोग नव्हता, कापून-वाकवून त्याचं भलतंच काही झालं होतं.

"कुनी काय नेलं ते मी इचारनार न्हाई," येसूआक्का म्हणाली. "ज्येच्या घरात जे असंल ते आना."

लोकांनी आणलं. बैलगाडीच्या खिळी आल्या. तिने त्यांच्यावर आट्यांसारखी पितळी तार गुंडाळली, डाख देऊन ती पक्की जोडली आणि त्यांचे बोल्ट केले. पाण्याच्या नळीच्या जागी विहिरीवरच्या मोटेची चामडी सोंड कापून बसवली. राहिला तो इंजिनाच्या दोन भागांमधला तांब्याचा पत्रा. तो नसला तर इंजिन दमच धरत नाही. येसूआक्काने आपलं लग्नातलं घंगाळ कापलं, इंजिनाला काजळ फासून भोकांचा ठसा त्यावर घेतला आणि ठोकायला बसली.

तेव्हा सोनबा तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "आक्का, त्यो पत्रा म्या..."

"बोलू नगंस. भाता वढ."

तो रडत रडत भाता ओढू लागला. त्या पत्र्याच्या त्याने मेंढ्यांसाठी घंटा करून घेतल्या होत्या. आणि त्या वळून देणारी दुसरी कोण असणार? येसूआक्काच.

मोटार धूर सोडत निघाली. मागे बायजाला घेऊन तिची आई बसली होती. येसूआक्का रिकाम्या ऐरणीवर ठोके देत राहिली. असं म्हणतात, की तिच्या ठोक्यावर इंजिन चालत होतं. ती पाणी प्यायला थांबली, तर मोटार चढावर थांबली. हातोडी पडली, मोटार हलली. हात सोलून निघाले तरी तिने ठोका सोडला नाही आणि सोनबाने भाता सोडला नाही.

मग खिंडीतून भोंगा वाजला. चढ संपला होता, पुढे शहरापर्यंत उतारच होता. येसूआक्काने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोचली." सोनबा भात्यावरच कोसळला आणि पोटभर रडला. सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला.

पोर वाचली. नातवंडं-पतवंडं बघून गेली.

आता येसूआक्का नाही, मोटारही नाही. खिंडीच्या पायथ्याशी तिची ऐरण आहे आणि शेजारी एक तांब्याचं घंगाळ. येणारेजाणारे त्यात नट, बोल्ट, तारेचे तुकडे टाकतात. ज्याची गाडी अडते तो हवं ते घेतो. घंगाळ कधी रिकामं झालं नाही, असं म्हणतात. कुणी संकोचाने सांगायला लागला, की बाबा मी हे नेतोय, नंतर आणून देईन, तर तिथला चहावाला म्हणतो, "बोलू नगंस, भाता वढ."

आणि घाट चढून गेलेली प्रत्येक गाडी खिंडीत एकदा हॉर्न देते. खाली कुणी भाकरी थापत असतं, कुणी गुरांना पाणी दाखवत असतं. कोणाची गाडी, कुठे चालली, काही ठाऊक नसतं. तरी हात क्षणभर थांबतो आणि कुणीतरी म्हणतंच, "पोचली."