उंच सीटची गाडी

“मग हो म्हणता ना, आक्का?”

सुदर्शननं तिसऱ्यांदा विचारलं.

येसाआक्का सुपातले तांदूळ निवडत होत्या. टेकडीच्या पायथ्याला या गोसाविणीची मठी होती. त्यांना विचारल्याशिवाय गावात कुणी बोअर मारत नसे, की सोयरीक ठरवत नसे. आक्का स्वतः फार बोलत नसत. विचारणाराच बोलून बोलून दमायचा.

“कशाला हो म्हणू?”

“गाडीला!”

गाडी समोरच उभी होती. मामेभावाची, तासाभरासाठी मागून आणलेली. फुगीर टाकी, उंच सीट, आणि आवाज असा की उतारावरून खाली आली तेव्हा मठीवरची कबुतरं उडून गेली. सुदर्शननं ती थेट अंगणात घातली होती आणि पाराच्या दगडाला पुढचं चाक भिडवून थांबवली होती.

“अगदी अशीच घ्यायची, फक्त काळी. उद्या बुक करतोय. माझी पहिली गाडी आहे, आक्का. आई म्हणते, ती बुटकी घे. दूधवाला दोन्हीकडं कॅन लटकवून फिरतो ना, तसली. कॉलेजात हसतील मला.”

आक्कांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“आणखी काय म्हणते आई?”

“आणखी…? काही नाही. तिची नेहमीचीच काळजी. न्हाणीत जरा उशीर झाला तरी दार वाजवते ती.”

आई म्हणाली होती ते वेगळंच होतं. ती म्हणाली होती, “आक्कांना तुला गाडीवर बसलेलं बघू दे. त्या हो म्हणाल्या तर माझी ना नाही.”

आणि परवा जेवता जेवता सुदर्शन बोलून गेला होता, “बघितलं त्यांनी. हो म्हणाल्या.”

आईनं एकच विचारलं, “दोन्ही पाय टेकतात ना रे खाली?”

“टेकतात की.”

आईनं देवाकडं बघून हात जोडले आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती भाकरी त्यानं खाल्लीसुद्धा. मठीकडं मात्र तो फिरकलाही नव्हता.

म्हणून तर आज सकाळीच धावत आला होता. आक्कांच्या तोंडून एकदा हो निघालं, की परवाचं खोटं आपोआप खरं होणार होतं.

“बस बघू तिच्यावर,” आक्का म्हणाल्या.

सुदर्शन रुबाबात बसला. केसांवरून हात फिरवला.

आक्कांनी टाकी बघितली नाही, सीट बघितली नाही. त्या त्याच्या बुटांकडं बघत होत्या. बुटांची नुसती टोकं जमिनीला लागत होती. टाचा अधांतरी.

“धावत्या गाडीवर पाय कुठं टेकायचे असतात, आक्का?” तो हसून म्हणाला.

“बरं. जा मग.”

“म्हणजे हो?”

“जा म्हटलं.”

सुदर्शननं पुढं बघितलं. पार. मागं बघितलं. चढ.

गाडी मागं घ्यायला गिअर नसतो, हे त्याला ठाऊक होतं. पण मोकळ्या मैदानात चार दिवस शिकताना त्याची गरज कधी पडली नव्हती. त्यानं बुटांच्या टोकांनी जमीन रेटली. गाडी वीतभर मागं सरकली आणि परत पाराला येऊन टेकली.

पुन्हा रेटली. पुन्हा तेच.

आक्का तांदूळ निवडत होत्या…

तिसऱ्या खेपेला त्यानं दात-ओठ खाऊन जोर लावला. गाडी डावीकडं कलली. डावा पाय जमीन शोधायला गेला, पण तिथं खळगा होता; जमीन बोटभर खालीच राहिली. गाडी सावकाश, म्हैस बसावी तशी आडवी झाली. त्यानं कसाबसा पाय काढून घेतला. आरसा तडकला. पेट्रोलचा वास सुटला.

अंगणापलीकडच्या हापशावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

त्यानं हँडल धरून उचलायला बघितलं. एकदा. दोनदा. गाडी गुडघ्यापर्यंत यायची आणि परत खाली जायची. कान लाल झाले, शर्टाची शिवण उसवली.

“अरे, घोडं रुसलं वाटतं तुझं!” वत्सलाकाकू हंडा खाली ठेवून ओरडल्या. “चला गं बायांनो, लावा हात. सरदाराची कंबर मोडेल, अजून लग्न व्हायचंय त्याचं.”

चौघीजणी आल्या. पदर खोचले. एका हिसक्यात गाडी उभी झाली. मग त्यांनी ती मागून ओढत, पुढून ढकलत चढावर नेली. सुदर्शन नुसता हँडलला हात लावून चालला, मान खाली घालून.

वर पोचल्यावर वत्सलाकाकूंनी हात झटकले.

“पण काय रे, आज कशाला आला होतास? काल तर तुझी आई येऊन गेली. आक्कांनी पोराला हो म्हटलं म्हणून नारळ घेऊन आली होती. किती खुशीत होती बिचारी! म्हणे, तू गाडीचा हट्ट धरल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली.”

सुदर्शन तडकलेला आरसा सरळ करायला लागला.

काकूंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग आक्कांकडं. त्यांचं हसू विरलं.

“चला गं, हंडे भरायचेत…”

बायका गेल्या.

आक्का हळूहळू चढ चढून आल्या. हातात नारळ होता, शेंडीसकट, न फोडलेला. आईनं लावलेलं हळदीकुंकू त्यावर तसंच होतं.

“तुम्हाला… मी आलो तेव्हाच ठाऊक होतं?”

“काल ती आली तेव्हाच.”

“मग तुम्ही तिला काय सांगितलं?”

“काही नाही. नारळ घेतला.”

“सांगायचं होतं ना, आक्का! की तो आलाच नाही म्हणून!”

“मी सांगायचं…?”

सुदर्शनचे डोळे भरून आले. आक्कांनी पुढं केलेला नारळ त्यानं घेतला. तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून शर्टाच्या आत, पोटाशी धरला. मग सवयीनं टांग टाकून परत त्या उंच सीटवर चढून बसला. एक हात हँडलवर, एक नारळावर. घर सरळ रस्त्यावर, दोन मिनिटांवर होतं. आई या वेळी दारातच उभी असते.

त्यानं किल्लीला हात लावला. फिरवली नाही.

“तिला काय सांगू, आक्का?”

आक्का पुन्हा त्याच्या बुटांकडं बघत होत्या.

“आधी टाचा टेकव.”