तिसऱ्यांदा आलेला टीव्ही

"अक्का, आणखी काय शिकायचं राहिलंय माझं? दुकान काढू का नको, एवढंच सांगा."

चंपाक्का चौगुले मिक्सरचं भांडं उपडं करून बघत होती. तिनं मान वर केली नाही.

जयसिंगपुरात चाळीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू चालू करणारी बाई ती. तिच्या हाताखाली शिकलेल्यानं तिच्या होकाराशिवाय स्वतःची पाटी लावायची नाही, असा रिवाजच पडला होता. आजवर होकार मिळाला तो तिघांना.

सुदर्शन बिरनाळेला तिच्याकडं सहा वर्षं झाली होती. मिरजेत गाळा बघून ठेवलेला, आणि गाळेवाला थांबायला तयार नव्हता.

गडी होताच तयारीचा, खोटं कशाला बोला. वॉशिंग मशिनवर कुठला आकडा आला की काय बिघडलं, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकानं "लागत नाही" म्हणायचा अवकाश, हा दोष सांगून मोकळा. वस्तू उघडण्याआधी एकदा वीज लावून बघायची, तर तेही त्याला कमीपणाचं वाटायचं.

"मिरजेपर्यंत नाव झालंय माझं," तो म्हणाला.

"झालंय खरं," अक्का म्हणाली, आणि पुन्हा भांड्यात डोकं घातलं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. कुंभोजे गुरुजी टीव्ही घेऊन उतरले. तिसऱ्यांदा.

"सुदर्शन, घरी नेला की लागतच नाही बघ बाळ. तांबडा दिवासुद्धा येत नाही."

"गुरुजी, दोन्ही वेळा इथनं चालू करून दिलाय मी. तुम्हीच बटण नीट दाबत नसाल."

गुरुजी ओशाळले. तीस वर्षं पोरांच्या चुका काढलेला माणूस, पण टीव्हीपुढं कुणाचं शहाणपण चालतं? "असेल बाबा," म्हणाले, आणि शेजारी चहाला गेले.

सुदर्शननं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "आता अख्खा बोर्डच बदलतो."

"थांब."

अक्काच्या दुकानात काढलेला भाग फेकत नसत. गिऱ्हाइकाच्या नावाच्या डबीत ठेवायचा, ही पद्धत. तिनं गुरुजींची डबी उघडली. आत पाच जुने भाग होते.

मग तिनं चष्मा लावला, टीव्ही खोलला, आणि सुदर्शननं बसवलेले नवे भाग एकेक काढून हे जुनेच परत डाख देऊन बसवले.

"अक्का, ते गेलेले आहेत. मी स्वतः काढलेत."

तिनं वायर लावली, बटण दाबलं.

टीव्ही लागला. बातम्या देणारी बाई झोकात बोलू लागली.

"पहिल्यांदा आला तेव्हा लावून बघितला होतास?"

"... नाही."

"दुसऱ्यांदा?"

त्यानं नुसती मान हलवली. चांगल्या टीव्हीचा दोनदा इलाज केला, आणि वर म्हाताऱ्या माणसालाच दोष दिला. जमीन दुभंगली असती तर बरं, असं त्याला झालं.

गुरुजी परत आले. "अरे वा, लागला की. काय बिघडलं होतं?"

नाव घ्यायला भाग पाच होते. कुठलंही घेतलं असतं तरी गुरुजींनी मान डोलावली असती. त्यातलं एक सुदर्शनच्या जिभेवर आलंसुद्धा होतं.

त्यानं अक्काकडं बघितलं. अक्का मिक्सरचं भांडं पुसत होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "टीव्हीला काही झालंच नव्हतं. चांगले भाग मी काढले. चूक माझी, तुमची नाही."

"मग घरी का लागत नाही रे?"

"... ठाऊक नाही."

सहा वर्षांत हे शब्द त्या दुकानात त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. पण बोलला मान ताठ ठेवून.

"चला, तुमच्या घरी येतो. बघतो."

त्यानं टीव्ही दोन्ही हातांनी उचलला आणि पायरी उतरला.

"सुदर्शन."

तो थांबला.

"येताना पेंटरकडं होऊन ये. पाटी रंगवायला चार दिवस लावतो तो."