शून्य नंबरची कांब

तार हातानं ओढायचे तेव्हाची गोष्ट. दगडू तांबटाच्या दुकानात अंगठ्याएवढी जाड तांब्याची कांब होती. तिचा नंबर शून्य. खुंटीवरच्या केसासारख्या तारेचा मात्र बावीस! कांबेच्या अंगाचा तिळपापड झाला.

“त्या काटकुळीला बावीस, आणि मला भोपळा? दादा, मलाही बावीस करा!”

“करतो की,” म्हणत दगडूनं पोलादी पट्टीच्या भोकात तिचं टोक घातलं आणि पकडीनं खच्चून पलीकडे ओढलं. अंग सोलल्यासारखी कांब किंचाळली.

“एक नंबर झालीस,” दगडू म्हणाला. “पुढचं भोक याहून लहान. अशी अजून एकवीस.”

कांबेनं खुंटीकडे पाहिलं.

“बाई गं,” ती म्हणाली, “तू बावीसदा ओरडलीस, ते मला ऐकू कसं आलं नाही?”