खेमिलेची विहीर आणि शिवलेला पट

पूर्वी सुवेणू नावाच्या नगरात अरिष्टक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका चित्रकाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव नंदिल. त्याने बैल काढला तर गुराखी त्या बैलाचे वय सांगत, इतका त्याचा हात बसलेला होता.

त्या काळी चौकात पट दाखवणारे लोक असत. त्यांना मंख म्हणत. मंखाने कापडावरचे चित्र बांबूला टांगावे, काडीने एकेक जागा दाखवत गोष्ट सांगावी आणि लोकांनी त्याच्या झोळीत ओंजळभर धान्य घालावे, असा परिपाठ होता. चित्र वाचायचीही रीत ठरलेली होती. डावीकडे काढलेले आधी घडले आणि उजवीकडे काढलेले त्याच्यामुळे मग घडले, असे समजायचे. डावीकडे दान असले तर उजवीकडे स्वर्ग, डावीकडे चोरी असली तर उजवीकडे सूळ. पोरे ही रीत चालायला शिकता शिकता शिकत, आणि म्हातारी झाली तरी तिच्यापलीकडचे काही शिकत नसत.

त्याच नगरात खेमिला नावाची एक वृद्ध सुईण होती. अर्धे नगर तिच्या हातावर जन्मले होते. उन्हाळ्यात चौकातल्या विहिरीचे पाणी तळाला जाऊन गढूळ झाले की ही म्हातारी निवळीच्या बिया उगाळायची आणि ते उगाळण पाण्यात सोडायची. गाळ खाली बसायचा, वर नितळ पाणी राहायचे. तिला हे कोणी सांगितले नव्हते आणि त्याबद्दल कोणी तिला कधी विचारलेही नव्हते. नंदिलला ते दृश्य आवडले. त्याने विहिरीवर वाकलेली खेमिला एका पटावर काढली आणि तो पट मखिल नावाच्या मंखाला दिला.

पण म्हातारी विहिरीत काहीतरी टाकते, एवढ्यावर कोण धान्य घालणार? मखिलने पट गुंडाळला आणि पेटीत टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात नगरात ज्वर आला. आधी लहान मुले गेली. रोहंती नावाची एक कोष्टीण होती. नवरा माग चालवी, ती सूत भरी. तिची बोलायला नुकती लागलेली मुलगी सकाळी अंगणात खेळत होती आणि दुसऱ्या दिवशी उरली नाही. घरोघर असेच चालले होते. वैद्यांनी हात टेकले. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि कशाने झाले, कशाने झाले, एवढेच विचारीत.

अशा वेळी मखिलने पेटी उघडली. भीतीच्या पटाला ओंजळ मोठी पडते, हे त्याला धंद्याने शिकवले होते. नंदिलनेच पूर्वी काढलेला एका लढाईचा पट त्याच्याजवळ होता आणि त्यात प्रेतांच्या राशी होत्या. त्याने ती प्रेते कापून घेतली, खेमिलेच्या चित्राला उजव्या अंगाने शिवून टाकली आणि तिच्या हातातल्या पांढऱ्या उगाळणाला काजळ फासले. मग चौकात बांबू रोवला.

त्याला फार बोलावेही लागले नाही. डावीकडे म्हातारी विहिरीत काळे काही टाकते आहे, उजवीकडे माणसे मरून पडली आहेत. लोकांनी आयुष्यभर जसे वाचले तसेच वाचले. बातमी घरोघर गेली आणि जाता जाता वाढली. कोणी म्हणाले, आम्ही तिला अमावास्येला विहिरीवर पाहिले. कोणी म्हणाले, तिने माझ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला होता. अहो, सुईण ती, ती हात फिरवणार नाही तर कोण फिरवणार? पण हे विचारायला कोणी थांबले नाही. खेमिलेच्या दाराशी गर्दी जमली, तेव्हा राजाने तिथे शिपाई उभे केले आणि दार बाहेरून लावून घेतले.

दुपारी राजाचा अमात्य नंदिलकडे आला. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत तो म्हणाला, "नंदिल, शिपायांचा धीर सुटत चाललाय. त्यांचीही पोरं गेलीत. उद्यापर्यंत ते बाजूला होतील आणि म्हातारी मरेल. तू एक कर. विहिरीत राहणारा यक्ष काढ. त्याच्या तोंडात प्रेतं दाखव. लोक तुझा हात मानतात. आम्ही यक्षाची शांत करू, म्हातारी सुटेल. राजवाड्यातली चित्रशाळाही तुझ्या हवाली करू."

चित्रशाळेचे नाव नंदिलच्या कानांवरून गेले. म्हातारी सुटेल हे शब्द मात्र आत जाऊन बसले. एका पटाचे काम. रंग तयार होते, कापड ताणलेले होते. तो उठला आणि शिपायांना विनवून खेमिलेकडे गेला.

ती भिंतीला टेकून बसली होती. त्याने सगळे सांगितले. म्हणाला, "माय, तू हो म्हण. मी आत्ता बसतो काढायला."

खेमिलेला मरायचे नव्हते. तरी ती म्हणाली, "यक्ष काढलास तर माणसं विहीर सोडतील, बाळा. मग पिणार कुठलं? तळ्याचंच ना? आत्ताही कितीतरी घरं तिथलंच पितात. तळ्यात गुरं उतरतात. मेलेल्यांची फडकीही आता तिथंच धुतात. मला तर वाटतं, ज्वर तिथूनच आला असेल. पण मीही पाहिलेलं नाही, तेव्हा छातीवर हात ठेवून कसं सांगू?"

"मग काय करू?"

"जे आहे ते सांग. नाही ऐकलं तर नाही ऐकलं."

नंदिल बाहेर आला. तो सरळ चौकात गेला आणि मखिलच्या पटासमोर उभा राहिला. म्हणाला, "ही दोन्ही चित्रं माझ्या हातची आहेत. विहीर वेगळ्या पटावर होती, ही प्रेतं लढाईतली. मधे शिवण आहे. पुढे या, बोट लावून बघा." मग त्याने विहिरीतून घागर काढली आणि सर्वांदेखत तो पोटभर पाणी प्यायला.

काही माणसे चुळबुळली. तेवढ्यात गर्दीतून रोहंती पुढे आली. तिने शिवणीवर बोट फिरवले. कोष्ट्याच्या घरची ती, कापड तिला कळत होते. ती म्हणाली, "दोन मागांवरची कापडं आहेत. सूतसुद्धा एक नाही."

क्षणभर नंदिलच्या जिवात जीव आला.

रोहंतीने बोट काढले नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "शिवलेलं आहे, दादा. कळलं मला. मग माझी मुलगी कशानं गेली?"

सगळा चौक नंदिलकडे बघू लागला. यक्ष म्हटले असते तर चालले असते. वारा, ग्रह, पूर्वीचे पाप, काहीही चालले असते. उत्तर हवे होते आणि ते आत्ता हवे होते. तो म्हणाला, "मला माहीत नाही, ताई. तळ्याच्या पाण्याची शंका आहे. पण मी पाहिलेलं नाही."

"याला माहीत नाही आणि तिनं केलं नाही हे मात्र माहीत आहे," मखिल म्हणाला. "पाणी प्यायला, त्याला काय झालं? विषावरचा उतारा आधीच घेतला असेल. शेवटी चित्र यानंच काढलंय ना?"

एवढे पुरले. गर्दी खेमिलेच्या घराकडे वळली आणि तिच्यासोबत रोहंतीही वळली. शिपाई बाजूला झाले, अमात्य म्हणाला होता तसेच. नंदिल धावत जाऊन खेमिलेला झाकायला तिच्या अंगावर पडला, म्हणून काही दगड त्याला लागले, पण सगळे नाही. तिच्याच हातावर जन्मलेल्या माणसांनी तिला वेशीबाहेर ढकलले. त्याने तिला पाठीवर घेऊन सीमेपर्यंत नेले. तिथे एका पळसाखाली ती गेली. शेवटपर्यंत ती पाणी मागत होती आणि त्या रानात पाणी नव्हते.

नगराने विहीर दगडमातीने बुजवली आणि सगळे तळ्यावर जाऊ लागले. ज्वर उतरला नाही, उलट मोठी माणसेही जाऊ लागली. तेव्हा तरी कोणी विहिरीची आठवण काढली का? छे. मखिलने नवा पट आणला. त्यात डावीकडे पळसाखालची खेमिला होती, केस सुटलेले, पाय उलटे. उजवीकडे पुन्हा तीच प्रेते.

नंदिल सीमेवर झोपडी बांधून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो पाणी गाळून देई आणि कोणी विचारले तर घडले ते सांगे. थोडेच विचारीत. एकदा रोहंती आली. तिचा नवराही गेला होता. पाणी न घेता ती म्हणाली, "सगळ्यांसमोर एक खोटं बोलायला तुमचं काय जात होतं? म्हातारी वाचली असती. मीही दगड उचलला नसता."

नंदिल म्हणाला, "याचंही उत्तर मला माहीत नाही, ताई." ती गेली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जेतवनात सांगितली. त्या दिवसांत एका भिक्षुणीबद्दल कोणीतरी काहीबाही उठवले होते आणि भिक्षूंनी तिला न विचारताच ते धरून ठेवले होते. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मखिल तो देवदत्त. खेमिला ती ही भिक्षुणी. चित्रकार मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि दगड मारणारे नगरवासी?"

"ते आज माझ्यासमोर बसले आहेत," शास्ता म्हणाला.

मग तो म्हणाला, "माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे, हे सत्याचे व्रत, ही सत्यपारमिता. त्या जन्मी मी ती पाळली आणि तिची किंमत खेमिलेने दिली."