रित्या घागरींच्या सांत्वनाचे खाते

एका राज्यात माणसांहून खाती उदंड झाली होती. प्रजेने गाऱ्हाणे आणले की राजा हळहळायचा आणि त्या दुःखाच्या नावाने नवे खाते उघडायचा. प्रजा मुजरा करून परतायची. दुःख तिथेच राहायचे.

त्या राज्यात केतकी राहत होती. तिच्या धाकट्या बहिणीने, रेवाने, मांत्रिकाचे रिंगण ओलांडले आणि ती पायांपासून दगड होऊ लागली. उतारा एकच, राजविहिरीचे पाणी.

केतकी घागर घेऊन धावली. विहिरीवर तीन म्हातारे अधिकारी बसले होते. एक विहिरीकडे पाहण्याच्या खात्याचा, दुसरा रित्या घागरींच्या सांत्वनाच्या खात्याचा, तिसरा दोराची विचारपूस करण्याच्या खात्याचा.

"आजोबा, पाणी काढू द्या. बहीण गुडघ्यापर्यंत दगड झाली."

"आम्ही फक्त पाहतो, पोरी," पहिला म्हणाला. "आधी फडक्यात वारा बांधून आण."

तिने डोंगरावरून वारा बांधून आणला.

दुसऱ्याने घागरीवरून हात फिरवला. "हिला करमत नाही. कालचा प्रतिध्वनी आण."

तिने दरीतून तोही आणला. तोवर रेवा कमरेपर्यंत दगड झाली होती.

"आता राजाला आण," तिसरा म्हणाला.

"इथे बसून तुम्ही म्हातारे झालात. तिघांपैकी एकालाही कधी तहान लागली नाही?"

"त्याचे खाते वेगळे आहे."

रहाटावरची साळुंकी तिच्या कानाशी आली. "हा जुना शाप आहे. राजा ज्याच्या नावाने खाते काढतो, ते जागीच गोठते. त्याने स्वतःच्या हाताने एक काम केले, तरच सुटेल."

केतकीने राजाची पालखी वाटेत अडवली आणि त्याला विहिरीवर आणले. तिची हकिगत ऐकून राजाचे डोळे भरून आले.

"अरेरे. आजच खाते काढतो. नाव ठेवू, अर्धवट दगड झालेल्या..."

केतकीने त्याच्या तोंडावर हात दाबला. तिन्ही म्हातारे उभे राहिले; कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

"महाराज, नाव उच्चारलेत तर ती पुरती दगड होईल. तुमच्या कळवळ्याने आमचे फार नुकसान केले आहे. दोर धरा."

राजाने दोर धरला. तळव्यांना फोड आले. गंजलेला रहाट कुरकुरला, फिरला, आणि घागर भरून वर आली.

केतकी घागर घेऊन रेवाकडे धावली. अंगावर पाणी पडताच रेवाने पाय हलवले. "ताई, इतका उशीर?"

"वाटेत खाती होती."

तेव्हापासून राजा रोज सकाळी दोर ओढतो. तिघे म्हातारे घागरी उचलून देतात, आणि तहान लागली की पाणीही पितात.