नववा ठोका

फार वर्षांपूर्वी, करंजपठारावर गाडीवाटही नव्हती, तेव्हा धुळाबा ढोलवाला होऊन गेला. सन विचारू नका, सांगताना माझाच गोंधळ उडतो. पण तो वाजवू लागला की कडे गदगदत, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात बिरोबाच्या देवळात एक अंध पखवाजी मुक्कामाला आला. धुळाबा चार महिने त्याच्यापाशी बसला आणि सोळा खडे मांडून सोळा मात्रांचा ताल शिकला. पंधरा खडे काळे, नववा पांढरा. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता हवेत; तिला म्हणतात खाली, म्हणजे रिकामी. धुळाबा ढोलावरही तिथं हात उचलू लागला.

सगळ्यांत जुने ढोलवाले बिरूतात्या हसले. "न वाजवणं शिकायला चार महिने? धनगरानं मेंढरं मोजावीत!"

पुढच्या श्रावणात धुळाबाची बायको कोंडाबाई मेंढरं घेऊन पठारावर लांब गेली, आणि भरदुपारी धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. पश्चिमेला तर उभा कडा! तिला वाट कळावी म्हणून गावातले चाळीस ढोल घुमू लागले. पण आवाज कड्याकड्यांवर आपटून चहूकडून येई. तिनं कुठं वळावं?

धुळाबा ओरडला, "आपला आवाज तिला जातोय. तिचा आपल्याला कसा यावा?"

"मग ढोल बंद करू!" कुणीतरी म्हणालं.

"बंद केलं तर ती घाबरंल, धावंल! तोंडानं मोजा. नववा आला की चाळीस हात वर!"

एक, दोन, तीन... नवव्याला एकच ढोल धडाडला.

"तात्या, हात आवरा!"

पुन्हा मोजणी. सात, आठ, आणि काय सांगू! चाळीस ढोल एकदम गप्प. त्या एका मात्रेत धुकं जागच्या जागी थबकलं, धबधबे अधांतरी लटकले, असं म्हणतात. आणि दुरून आली कोंडाबाईची मेंढरं हाकायची आरोळी, "हुर्रर्र!"

"कड्याकडनं!"

मग ढोल तिकडं चालू लागले. दर नवव्या मात्रेला हाक, दर हाकेला पावलं. जवळ, आणखी जवळ! नवव्या आवर्तनात ती सापडली. कडा तिच्या टाचेपासून वीतभर होता, आणि मेंढरं तिचा पदर दातांत धरून उभी होती.

बिरूतात्या खाली बसले. म्हणाले, "धुळा, तो पांढरा खडा मलाबी दाव."

आजही करंजपठारावर ढोल शिकणाऱ्याच्या हाती आधी वाजवायचं टिपरू देत नाहीत, सोळा खडे देतात. जत्रेत चाळीस ढोल घुमतात, नवव्याला चाळीस हात वर जातात, लेकरंसुद्धा श्वास रोखतात. मग गर्दीतून गावातली एखादी बाई आरोळी देते, "हुर्रर्र!"

ती आरोळी आल्याशिवाय दहावा ठोका पडत नाही.